वरातीतली बस

बेळगाव-निपाणी पट्ट्यात परक्यांची लग्नं भास्करअण्णांइतकी कुणी पाहिली नसतील. तीही लग्न लागून तीस-पस्तीस वर्षं उलटल्यावर. कुणाच्या वरातीत घोडी बिथरली, कुणाच्या मामानं फेटा लहान आहे म्हणून मांडवातच फुगून बसून घेतलं, कुठल्या नवरीनं हार घालताना नवऱ्याकडं न बघता पंख्याकडं बघितलं, हे सगळं त्यांना पाठ. ज्यांची लग्नं ते लोक हे सगळं विसरून आजी-आजोबा झालेले. गेल्या वर्षी अण्णा वारले तेव्हा निपाणीच्या शोकसभेत एक बाई उठून म्हणाल्या, "आमचं लगीन जेवढं मन लावून अण्णांनी बगितलं, तेवढं आमच्या मालकांनी बी बगितलं न्हाय." शोकसभेत हसायचं नसतं, पण सगळे हसले. मालकही हसले.

अण्णा खरं तर माहितीपट करणारे. मुंबईत बरीच वर्षं बातम्यांच्या कॅमेऱ्यामागं काढून ते निपाणीला परत आले होते, आणि त्यांच्या सिनेमाचा लग्नाशी काहीएक संबंध नव्हता. सीमाप्रश्नाच्या आंदोलनात ज्या पोरांनी दगड मारले, बसगाड्या पेटवल्या, ती पोरं तशी का झाली आणि पुढं त्यांचं काय झालं, असा तो विषय. आता असल्या विषयासाठी माणूस बुंदीचे लाडू खात लोकांच्या हळदी का बघत बसेल, हे मलाही पहिल्या दिवशी कळलं नव्हतं.

मी बेळगावात वकिली करते. खडेबाजारात एका कापडाच्या दुकानावर माझं ऑफिस आहे आणि त्याचा जिना असा आहे की खरी नड असल्याशिवाय कुणी चढत नाही. अण्णा तो जिना खांद्यावर घोंगड्यात गुंडाळलेलं चौकोनी गाठोडं घेऊन चढून आले. मला वाटलं हार्मोनियम असेल, भजनी मंडळाची वर्गणी मागायला आलेत. ते गाठोडं म्हणजे व्हीसीआर होता. लोकांकडं जुन्या कॅसेट असतात पण त्या लावायला यंत्र नसतं, म्हणून अण्णा स्वतःचं यंत्र घेऊन फिरत. बसा म्हणायच्या आत त्यांनी विचारलं, "मॅडम, क्यामेऱ्यासमोर कुणी कबूल केलं की बस मी पेटवली, तर काय हुतंय?"

मी म्हटलं, शहाण्या माणसानं असलं कबूल करू नये.

"आनि कबूल करणारा मीच असलो तर?"

मी पेन खाली ठेवलं. मग अण्णांनी सगळी गोष्ट सांगितली. एकोणीस वर्षांचं वय, कॉलेजात नाव आणि डोक्यात राख. एका संध्याकाळी निपाणीच्या वेशीवर त्यांच्या टोळक्यानं एक सरकारी बस अडवली. माणसं उतरवली, दगड मारले, आणि अण्णांनी मागच्या सीटला काडी लावली. त्या बसमध्ये त्यांची आई होती. शेवंताबाई तंबाखूच्या वखारीत काम करायच्या आणि वखारीतल्या बायकांबरोबर संकेश्वरहून परत येत होत्या. नेमक्या त्याच वेळी समोरून एका श्रीमंत घरची वरात येत होती. बँड, मोटार, बत्त्या, आणि त्या काळात नवलाईचा असलेला व्हिडिओवाला. व्हिडिओवाल्यानं नवरदेव सोडून कॅमेरा बसकडं वळवला. त्या बत्तीच्या उजेडात, अख्ख्या वरातीसमोर, आईनं अण्णांना मारलं.

"त्या हातानंतर मी दगड उचलला न्हाय," अण्णा म्हणाले. "सिनेमात मी लोकांस्नी इचारतोय, तुमी कशानं थांबलासा. मग माझं मला दाखवाय नको? त्यो हात पायजे मला."

पुरावा म्हणून पाहिजे होता, हे खरं. पण सगळं खरं नव्हतं. जगाचं चित्रीकरण करणाऱ्या या माणसानं आईचं चित्रीकरण कधी केलं नव्हतं. कॅमेरा घरी आला की बॅगेत. आई गेल्यावर शोधाशोध केली तर ओळखपत्रावरचा एक फोटो निघाला, त्यात ती फरारी आरोपीसारखी दिसत होती. चालती-हलती आई जगात असलीच तर त्या वरातीच्या कॅसेटमध्ये होती. आणि वरात कुणाची, ते अण्णांना माहीत नव्हतं. काडी लावण्याच्या गडबडीत त्यांनी नवरदेवाचं नाव विचारलं नव्हतं.

म्हणून ही लग्नं. त्या सुमाराला व्हिडिओ परवडणारी निपाणी, चिकोडी, संकेश्वरकडची जेवढी घरं होती, तेवढ्या घरांत अण्णा जायचे. अमुक अमुक साली तुमच्याकडं कार्य होतं का, कॅसेट आहे का, मी बघू का. लोकांना सुरुवातीला संशय यायचा. पण आपलं लग्न कुणीतरी आपणहून बघायला मागतंय, यातलं सुख असं आहे की संशय टिकत नाही. कपाटाच्या वरच्या फळीवरून कॅसेट निघायची, अण्णा खिशातला कापूस आणि स्पिरिटची बाटली काढून यंत्राचं हेड पुसायचे, आणि घरातले सगळे सतरंजीवर जमायचे.

अण्णांचा एक नियम होता. कॅसेट पुढं पळवायची नाही. एकदा मी बरोबर होते. मुहूर्ताआधीचा तासभर नुसती पानं वाढलेली दिसत होती. मी हळूच म्हटलं, जरा पुढं घ्या की. अण्णांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी न्यायाधीशांसमोर चप्पल घालून टेबलावर चढले होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "जिला आपण पळवतो ना मॅडम, तिचा माणूस घरात बसलेला असतोय. त्येची आत्या असती ती. आत्याला पळवलं तर कॅसेट मिळंल, माणूस मिळायचा न्हाय."

हे सगळं खरं असलं तरी घरोघरच्या लाडवांनी माझं वजन वाढलं ते वाढलंच. आणि अण्णांचा व्याप दुसरीकडंच वाढत गेला. कुठल्या घरात किती मुली, कुणाचं कुणाशी जमतं, कुणाचं आहेरावरून बिनसलंय, हे त्यांना इतकं कळायला लागलं की लोक स्थळं विचारायला लागले. राजकीय हिंसेवर सिनेमा करताना त्यांनी दोन-तीन लग्नं जमवली. जमवलेल्या एका लग्नात मी गेले होते. अण्णा व्हिडिओवाल्याच्या मागं उभे राहून त्याला सांगत होते, "रस्त्याकडं बी जरा फिरव रे. नुसता नवराच काय घेतोस?"

बसचा कंडक्टर मात्र लवकर सापडला. शिवाप्पा नावाचे ते गृहस्थ निवृत्त होऊन गुंजीला राहत होते. लोंढ्याच्या गाडीनं आम्ही दोघं गेलो. मी वकील म्हणून, असं मला वाटत होतं. तिथं गेल्यावर कळलं की कॅमेऱ्याचं बटण दाबायला मला नेलंय, कारण अण्णा स्वतः शिवाप्पांच्या शेजारी बसणार होते. ज्याला दगड लागला आणि ज्यानं मारला, ते दोघं एका चौकटीत बसल्याशिवाय अण्णा कुणाचीच मुलाखत सिनेमात घ्यायचे नाहीत. इतरांना लावलेला नियम त्यांनी स्वतःलाही लावला होता.

शिवाप्पांना त्या दिवशी कानशिलावर दगड बसला होता आणि डावा कान कायमचा गेला होता. अण्णांनी सांगितलं, "दगड माझा असंल, दुसऱ्याचा असंल. दगडावर नाव न्हवतं. पन मी बी मारलेत."  शिवाप्पांनी आत बायकोला कन्नडमध्ये चहा टाकायला सांगितलं आणि अण्णांना म्हणाले, "माफी मागायची असंल तर ह्या डाव्या बाजूला येऊन माग. हिकडनं मला ऐकू येत न्हाय."

अण्णा खरोखर उठले, डाव्या बाजूला जाऊन बसले आणि बोलत राहिले. काय बोलले ते शिवाप्पांना ऐकू आलं नाही. मला आलं, पण ते मी इथं लिहिणार नाही. चहा झाल्यावर शिवाप्पांनी जेवायला ठेवून घेतलं. तुमच्या आईनं तुम्हाला मारलेलं मी पाहिलं नाही, डोळ्यांत रक्त होतं, असंही त्यांनी सांगितलं. घरी येऊन चित्रीकरण बघितलं तर मी दोघांची डोकी कापलेली. अण्णा म्हणाले, राहू द्या, हात दिसतात, तेवढं बास.

एव्हाना निपाणीत बातमी पसरली होती की बस पेटवणाऱ्या, तोंडाला रुमाल बांधलेल्या पोराच्या शोधात कुणी सिनेमावाला आहे. तो पोरगा अण्णाच, हे माझ्याशिवाय फार कुणाला माहीत नव्हतं. झालं असं की लपायच्या ऐवजी एकेक माणूस तो मीच म्हणून पुढं यायला लागला. एक माजी नगरसेवक आले, त्यांना पुढच्या निवडणुकीचं तिकीट हवं होतं. एक बांधकामाचे ठेकेदार आले. एक निवृत्त ड्रिलमास्तर आले, ते तर सदऱ्याच्या खिशात रुमाल घेऊनच आले होते. अण्णांनी तिघांनाही बसवलं, दिवे लावले, पाणी दिलं आणि शांतपणे विचारलं, काडी लावल्यावर पुढं काय झालं. नगरसेवक म्हणाले, पोलीस मागं लागले आणि मी ओढा पोहून गेलो. ठेकेदार बसच्या टपावर चढून भाषण केल्याचं सांगत होते. म्हणजे पेटलेल्या बसच्या. अण्णांनी प्रत्येकाला शेवटी एकच विचारलं, "तवा कुनी बाई आलती का तुमच्यापाशी?" ड्रिलमास्तर लाजून म्हणाले, "बायका लई आल्या. हार घिऊन."

मला संताप आला. बाहेर पडल्यावर मी म्हटलं, अण्णा, हे तुमच्या तोंडावर खोटं बोलतात आणि तुम्ही रेकॉर्ड करताय?

"खोटं बी जपून ठेवायचं असतंय," ते म्हणाले. "पुढच्या लोकांस्नी कळाय पायजे, आमच्यात कशाची फुशारकी मारायची पद्धत हुती ते."

मग तुमची खरी गोष्ट तुम्ही स्वतः कॅमेऱ्यासमोर का नाही सांगत, असं मी विचारलं. अण्णा म्हणाले, माझा माझ्यावर भरवसा राहिला नाही. आणि ते मलाही दिसत होतंच. माझ्या ऑफिसात पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आईनं एक थोबाडीत मारली होती. गुंजीच्या गाडीत ती दोन झाली. पुढं त्यात चप्पल आली, आणि एकदा परतीच्या बसमध्ये मला सांगताना तर आई त्यांना अर्ध्या अक्कोळ रस्त्यापर्यंत बडवत गेली. ते मुद्दाम करत नव्हते. आईनं त्या संध्याकाळबद्दल पुढं कधी एक शब्द काढला नाही, त्यामुळं अडवायला कुणी नव्हतं. वखारीतल्या बायका पांगल्या होत्या, आणि ज्या भेटल्या त्या अण्णांचीच गोष्ट ऐकून, व्हय व्हय, तसंच झालतं, असं म्हणायच्या.

कॅसेट शेवटी निपाणीतच सापडली. तंबाखूच्या व्यापाऱ्याच्या घरात, कुसुमताईंकडं. त्या स्वतः त्या वरातीतल्या नवरी. आता आजी, गुडघे दुखणाऱ्या, अतिशय प्रेमळ. त्यांनी सुनेला लाडू आणायला सांगितले आणि आम्ही बसलो. हळद झाली, अक्षता पडल्या, पंगती उठल्या. अण्णा प्रत्येक पाहुण्याची चौकशी करत होते. मग वरात निघाली. बँडवाले, गुलाल, मोटारीतला घामेजलेला नवरा. आणि एकदम चित्र हललं, आकाश दिसलं, रस्ता दिसला, आणि बस.

मी हातातला लाडू बशीत ठेवला. पोरं पळत होती. मागच्या खिडकीतून धूर येत होता. एक किडकिडीत पोरगा बसमधून उडी मारून खाली आला. आगीच्या धगीनं असेल, त्याचा रुमाल गळ्यात उतरला होता आणि बत्तीचा झोत नेमका त्याच्या तोंडावर होता. ते नाक कुणीही ओळखलं असतं. कुसुमताईंनी एकदा टीव्हीकडं आणि एकदा अण्णांकडं पाहिलं. बाजूला उतरवलेल्या माणसांतून एक बुटकी, नऊवारीतली बाई निघाली. ती आगीकडं बघत नव्हती. सरळ त्या पोराकडं चालत आली, तिचा उजवा हात वर गेला, आणि पडद्यावर पाळणा आला.

गुलाबी फुगे, झिरमिळ्या, कुणीतरी गोविंद घ्या म्हणतंय, बायका पाळणा गातायत.

"ह्ये आमच्या विनयचं बारसं," कुसुमताई कौतुकानं म्हणाल्या. मग आमची तोंडं बघून त्यांनी खुलासा केला. कॅसेट अर्धी रिकामी होती. मागं नुसता रस्ताच आहे, तेवढ्यासाठी नवी कशाला, असं म्हणून त्यांनीच व्हिडिओवाल्याला इथून घ्या म्हणून सांगितलं होतं. आमच्याकडं कुठलंच घर वेगळं वागलं नसतं. माझ्या आईनंही हेच केलं असतं.

अण्णांनी बारसं शेवटपर्यंत पाहिलं. एक क्षणही पळवलं नाही. उठताना म्हणाले, बाळ गोड होतं. आणि जिन्याच्या चौथ्या-पाचव्या पायरीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. मी व्हीसीआर सांभाळत उभी राहिले. आई दिसली की, असं मी काहीतरी बोलले. ते म्हणाले, "आई दिसली. हात बी दिसला. पर मारलं का न्हाय मारलं, ते काय दिसलं न्हाय." मला त्या विनयचा इतका राग आला की सांगता येत नाही. तो हल्ली बेंगळूरला संगणकात कामाला आहे आणि त्याचा यात काही दोष नाही.

सिनेमाला मदत करणाऱ्या दिल्लीच्या लोकांना तो तुकडा फार आवडला. फक्त त्यांचं म्हणणं, पुढचा मार एखादी नटी घेऊन चित्रित करावा, प्रेक्षकाला पुरं वाटलं पाहिजे. आपल्याला नाही म्हणता येईल का, ते विचारायला अण्णा माझा जिना चढून आले. मी करार वाचून म्हटलं, येईल. ते म्हणाले, बरं झालं, मी कालच नाही म्हणून बसलोय. आईचा हात दुसऱ्या बाईला कसा बसवू?

मग एका रविवारी दुपारी निपाणीत, बुद्धविहाराच्या हॉलमध्ये, अण्णांनी तो अर्धाकच्चा सिनेमा आपल्या माणसांना दाखवला. मीही गेले होते. त्यांना मी पाहिलं ते त्या दिवशी शेवटचं. पुढच्या रांगेत नगरसेवक, ठेकेदार आणि ड्रिलमास्तर एकमेकांना न ओळखल्यासारखे बसलेले. मागं कॉलेजची पोरं मोबाइल काढून उभी. मधे सतरंजीवर वखारीतल्या म्हाताऱ्या, लेकी-सुनांनी धरून आणलेल्या.

बस पेटली तशा मागून शिट्ट्या आल्या. एका पोरानं तर घोषणाही दिली. अण्णा प्रोजेक्टरपाशी उभे होते, त्यांचा चेहरा पडला. याच गोष्टीची त्यांना धास्ती होती. आपण ज्याच्यावर रडायला सिनेमा केला त्याच्यावर पोरं नाचतील, असं ते नेहमी म्हणायचे. तेवढ्यात रुमाल उतरलेलं तोंड दिसलं, आणि सगळा हॉल वळून अण्णांकडं बघायला लागला. पुढच्या रांगेतले तिघं तेवढे वळले नाहीत. बाई चालत आली, हात वर गेला, पाळणा आला. पोरं हसली. एकानं विचारलं, अण्णा, मग बसली का? अण्णा म्हणाले, लई बसली.

"कोन म्हनतंय?" सतरंजीवरून आवाज आला.

तानूबाई म्हणून एक होत्या, गडहिंग्लजला लेकीकडं राहायच्या, त्या आठवड्यापुरत्या आल्या होत्या. त्या संध्याकाळी शेवंताबाईंच्या शेजारच्या सीटवर बसून आलेल्या. त्या उठल्या नाहीत, बसल्या जागेवरून बोलल्या.

"रस्त्यावर कुठं मारलं रं तुला? त्या बत्तीवाल्यानं तुजं उघडं त्वांड धरलंतं. तिनं पदर टाकला तुझ्या तोंडावर, कुनाला दिसू ने म्हनून. आनि तसंच धरून घरला नेलं. मारलं ते घरात. दार लावून."

पुन्हा हसू आलं, पण थोडं. अण्णा हसले नाहीत. त्यांनी बारसं बंद केलं, चित्र मागं घेतलं आणि हात वर गेल्या क्षणी थांबवलं. मोठ्या पडद्यावर तो हात. जुनी कॅसेट, सगळा दाणेदार धुरळा. हातात पदराचं टोक आहे का? सगळे उठून पुढं आले. मघाशी शिट्ट्या मारणारी पोरं सगळ्यांत पुढं. हे बघा पांढरं, तो काठ आहे, नाही हो, तो कॅसेटचा ओरखडा आहे. नगरसेवक म्हणाले, मला स्वच्छ दिसतोय. सिनेमा काही पुढं गेला नाही.

अण्णा माझ्याकडं आले. "मॅडम, तुमी सांगा. कोर्टात सांगितल्यागत सांगा."

मी खूप निरखून पाहिलं. त्या हाताच्या खाली काहीतरी फिकट होतं. तो पदर असू शकेल आणि काहीही असू शकेल. कोर्टात मी असला पुरावा दोन मिनिटांत उडवला असता.

"दिसतोय, अण्णा," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि जवळून बघायला पडद्याकडं गेले. मला बेळगावची बस धरायची होती. दारात चपला घालताना मागं वळून पाहिलं. ते इतके पुढं गेले होते की प्रोजेक्टरचा झोत त्यांच्याच अंगावर पडला होता, आणि आईचा वर गेलेला हात पडद्यावर न पडता त्यांच्या तोंडावर आला होता. मागून पोरं सांगत होती, अण्णा, मधे येताय, आमाला काय दिसंना, जरा बाजूला व्हा. अण्णा बाजूला झाले नाहीत.